शिट्टीच्या जागी

नेत्राने सीडी खाचेत ढकलली आणि बाबाच्या चेहऱ्याकडे बघत बसली.

गुरुनाथ किराणा दुकानाच्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढत होता. सुरुवातीचे सूर ऐकताच त्याने ब्रेक दाबला.

"पेपर हार्बर! कुठे मिळाली गं?"

"युज्ड सीडीजच्या दुकानात. दे आर टूरिंग अगेन. यू अँड बाळकाका लव्ह्ड देम, राइट?"

लव्ह्ड कसलं, वेडच होतं ते. बँड म्हणजे इंग्लंडमधल्या गिरणीगावची चार पोरं, एकाच्या डोळ्यांवर केसांची झुलपं, आणि नागपूरच्या दोन खोल्यांत बसून बाळदादा त्यांची काळजी वाहायचा. शॉर्टवेव्हवर दर आठवड्याला गाण्यांचे नंबर लागायचे. खरखरीतून तो ते ऐकायचा आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचा. पहिल्या गाण्याला कुणी विचारलं नाही. हे दुसरं मात्र चढत चढत गेलं. पहिल्या नंबरावर आलं त्या दिवशी दादाने गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या शरयूकाकूंनी विचारलं, "कोण पास झालं रे?" दादा म्हणाला, "आपलीच पोरं, काकू."

गाणं त्याने रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून उतरवून घेतलं होतं. गुरुनाथने ते गाणं कायम त्या टेपवरच ऐकलं होतं. दुसऱ्या कडव्यात आईच्या कुकरची शिट्टी व्हायची आणि दादा ओरडायचा, "आई, गॅस बंद कर!" इतक्या वेळा ऐकलं की ते गाण्यातलंच झालं.

दादा मार्चमध्ये गेला. गुरुनाथची अमेरिकेतली ग्रीन कार्डाची फाइल अडकलेली होती. वकील म्हणाला, आत्ता देश सोडू नका. त्याने सोडला नाही. तेराव्यानंतर त्याने फोनवर वहिनीला फक्त कॅसेटचं विचारलं. मालिनीवहिनी म्हणाली, "अहो भाऊजी, त्या जुन्या कॅसेटी रद्दीवाल्याला दिल्या. मला काय माहीत, त्यात ह्यांचा आवाज होता?" मग तिलाच रडू आलं, आणि गुरुनाथ तिची समजूत घालत राहिला. स्वतः रडायचं राहूनच गेलं.

सिग्नल लाल होता. दुसरं कडवं सुरू झालं. गुरुनाथची बोटं स्टिअरिंगवर ताल धरत होती.

"आई, गॅस बंद कर!" तो मोठ्याने म्हणाला.

नेत्रा दचकली. गाणं न थांबता पुढे गेलं. त्या जागी शब्द होते. चांगले, स्वच्छ शब्द, इतकी वर्षं दादाच्या ओरडण्याखाली दबलेले. गुरुनाथला ते अजिबात नको होते.

सिग्नल सुटला तशी त्याने गाडी कडेला घेतली.

"बाबा? आर यू ओके? व्हॉट वॉज दॅट?"

"तुझा बाळकाका. आमच्या टेपमध्ये. इथेच म्हणायचा."

नेत्राने काकाला कधी पाहिलं नव्हतं. सणावाराला फोनवर काय बोलली असेल तेवढंच.

"असा होता तेव्हा त्याचा आवाज?"

गुरुनाथने गाणं मागे नेलं. ती जागा जवळ आली तसा आवाज अगदी बारीक केला, आणि पुन्हा म्हणाला, "आई, गॅस बंद कर!" मग मान हलवली. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"नाही गं. असा नव्हता. परत लाव."