जोडीने टांगलेले बोंबील

मला राग लवकर येतो, हे आमच्या शाळेत शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आमचे हे तर म्हणतात, गिरिजा, तू पोलिसात जायची ती चुकून दुसरीच्या वर्गावर आलीस. असू दे. सात-सात वर्षांच्या पोरांना दिवसभर गणित आणि परिसर अभ्यास शिकवायचा, तर अंगात थोडी धग लागतेच.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. ठाण्याला दोन दिवस आमचं प्रशिक्षण होतं, 'आनंददायी गणित' की काय असं नाव होतं त्याला. ते उरकून मी शाळेत परत आले आणि बघते तर काय, माझी हेमाली शेवटच्या बाकावर एकटी. एरवी ती पहिल्या रांगेत अनुष्काशेजारी बसायची. दोघींचं गुळपीठ होतं, खोडरबरसुद्धा अर्धा अर्धा कापून घेतलेला. आणि आता ही पोर मागे खिडकीशी, दप्तर पोटाशी धरून बसलेली. मी हाक मारली तर मान वर केली नाही.

अनुष्कालाच विचारलं. ती म्हणाली, मोठ्या बाईंनी हलवलं, तिच्या अंगाला वास येतो म्हणून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेमालीची आजी चंद्रावती मोरवा गावची. सुकी मासळी करून बाजारात विकते. सकाळी नात तिला हाताखाली लागते, मग आंघोळ करून, वेणीफणी करून शाळेत येते. केसांना थोडा वास राहतो. राहणारच की! आमच्या घराला फिनेलचा येतो, त्याचं कोणी काही म्हणत नाही.

तक्रार केली होती अनुष्काच्या मम्मीने. ही मंडळी दादरहून इंद्रलोक कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलेली, दोघंही ऑफिसात. मासे खात नाहीत म्हणावं तर तसंही नाही. रविवारी हॉटेलात कुरकुरीत बोंबलांवर ताव मारणारी माणसं ही! ताटात आलेला बोंबील चालतो, बाकावर शेजारी त्याचा वास चालत नाही.

मी हेमालीला उठवून तिच्या जागेवर बसवलं. मधल्या सुट्टीनंतर मोठ्या बाईंनी तिला पुन्हा मागे पाठवलं आणि मला ऑफिसात बोलावलं. बाई वाईट नाहीत, पण पटसंख्येने त्यांची झोप उडालीये. दरवर्षी चार पोरं इंग्रजी शाळेत जातात, म्हणून एकेक पालक त्यांना तळहाताच्या फोडासारखा जपावा लागतो. त्या मला शांतपणे म्हणाल्या, वर्ग सदतीसचा आहे गिरिजाबाई, एका बाकावर दोघं, म्हणजे एक तर उरणारच. मग ती हेमाली असली तर बिघडलं कुठे? खिडकीशी हवापण छान येते.

म्हणजे गणिताच्या बाईला गणित शिकवलं!

संध्याकाळी फाटकाशी चंद्रावती उभी होती. मासळीची पाटी खाली ठेवलेली, हात कमरेवर. भांडायला आली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "बाई, पोरगी दोन दिस जेवली न्हाय. एकटीच बसवायची हाय तं माझ्याजवल बाजारात बसंल. सोमवारपासून न्हाय धाडत."

मी म्हटलं, सोमवार अजून लांब आहे. मला फक्त उद्या सकाळी ताजे बोंबील द्या, थोडेच, आणि वलांडीची दोरी द्या.

वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना ताणून बांधलेल्या दोऱ्या. त्यावर बोंबील वाळत घालतात. ते घालायची एक पद्धत आहे. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. चिमटा नको, गाठ नको. पण एकटा बोंबील काही केल्या दोरीवर राहत नाही, घसरून पडतोच.

शुक्रवारी सकाळी मी पदर खोचला आणि खिडकीच्या गजांना दोरी बांधली. टेबलावर वर्तमानपत्र पसरून बोंबील ओतले. वर्गात हलकल्लोळ. कोणी नाक धरलं, कोणी बाकावर चढलं, हेमालीच्या जागी अनुष्काशेजारी बसवलेलं स्वरूप नावाचं एक कार्टं तर बोंबलाचे दात मोजायला लागलं. मी फळ्यावर लिहिलं, 'सम आणि विषम संख्या', आणि हेमालीला पुढे बोलावलं. म्हटलं, कसं टांगतात ते दाखव.

ती आधी आलीच नाही. मग आली. एक बोंबील उचलला, दुसरा उचलला, जबड्यात जबडा घातला आणि जोडी दोरीवर टाकली. इतकं पटकन की पोरांना कळलंच नाही. पुन्हा दाखव, पुन्हा दाखव, असा गलका झाला. तेव्हा कुठे तिच्या तोंडावर जरा रंग आला.

मग सगळ्यांनी हात घातले. बुळबुळीत बोंबील सटकायचे, पोरं किंचाळायची. सहा घेतले, तीन जोड्या झाल्या, एकही उरला नाही: सम. सात घेतले, एक हातात राहिला: विषम. पाठ करून जे पंधरा दिवसांत डोक्यात शिरत नव्हतं, ते तासाभरात शिरलं. वर मी सांगून टाकलं की आता रोज एक जोडी तराजूत तोलायची, वजन घटत जाईल. मग जातं कुठे पाणी, ते शोधून काढायचं. अनुष्काचे हात कोपरापर्यंत माखले होते आणि ती हेमालीला चिकटून उभी होती.

आणि नेमक्या दारात मोठ्या बाई! शेजारी अनुष्काची मम्मी, लेकीचा विसरलेला डबा द्यायला आलेली. तिने रुमाल नाकाला लावला.

मोठ्या बाईंनी विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, गणित. वाटलं तर परीक्षा घ्या.

पालकांसमोर त्यांना माघार घेता येईना. त्यांनी मुद्दाम हेमालीलाच उभं केलं. "सांग बघू, आपल्या वर्गात मुलं सदतीस. ही संख्या सम की विषम?"

"विषम."

"कशावरून?"

हेमालीने वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. मग अगदी साधेपणाने, उत्तर येतंय या आनंदात म्हणाली, "मी उरते ना."

मम्मीचा रुमाल खाली आला. मला रडू फुटणार होतं, पण रागाने ते वरच्या वर गिळलं. मोठ्या बाई पुटपुटल्या, गणित ते गणित, त्याला कोण काय करणार.

मी करणार होते. टेबलावरचा डस्टर उचलला, सरळ मागे गेले आणि हेमालीच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे हनुवटीला लागले, पण बसले. म्हटलं, हेमाली, ये. आता मोज.

ती आली. तिने मुलं मोजली, शेवटी माझ्या खांद्याला बोट लावलं. "अडतीस. सम."

मोठ्या बाई म्हणाल्या, "गिरिजाबाई, तुमच्या जागेवर या."

"हीच माझी जागा. सोमवारी ती आली तर मीही इथेच बसणार. खुर्ची न्यायची असेल तर खुशाल न्या."

शनिवारी दोन तास ऑफिसात बोलणी खाल्ली. सगळी ऐकून घेतली, एकही मानली नाही. संध्याकाळी मोरव्याला चंद्रावतीच्या दारात गेले आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, चहा तेवढा दिला.

सोमवारी वर्गात शिरले ती थेट मागच्या बाकाकडे बघत. हेमाली होती! पण मला बसायला जागा नव्हती. तिच्याशेजारी अनुष्का ठाण मांडून बसली होती.

मी विचारलं, मम्मीला ठाऊक आहे का?

"सांगितलं मी तिला," अनुष्का म्हणाली. "ओरडली. मग मीपण ओरडले." आणि पहिल्या रांगेत बोट दाखवून तिने मलाच हुकूम सोडला, "बाई, तुम्ही आज तिकडे बसा. स्वरूप उरलाय."

मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या राहून बघत होत्या. मी त्यांच्या देखत स्वरूपला म्हटलं, सरक तिकडे.