साठ पत्त्यांची यादी

दोन हजार सहा साल. मार्च महिन्यातल्या एका संध्याकाळी काकांनी हातातला पत्ता टेबलावर आपटला आणि म्हणाले, "हा मिशीवालासुद्धा गेला. काढ याला."

काकूंनी वहीत मिशीवाल्यापुढे तिसरी फुली मारली. तीन फुल्या झाल्या की पत्ता डेकमधून बाहेर, हा त्यांच्या घरचा कायदा होता.

"तीन वर्षं सांभाळलात हो त्याला," काकू म्हणाल्या.

"सांभाळला ना. पण आता अडतो. या फेरीत ठेवायचा, पुढच्या फेरीत उचलायचा. कोण वाट बघत बसतंय?"

"तुम्हीच बघत बसायचात. मला गप्प बसवून."

"तेव्हा वेगळं होतं. आता जमाना वेगाचा आहे, बाईसाहेब. चल, पुढचा हात वाट."

समोरची खुर्ची रिकामी होती. काका रोज संध्याकाळी चहा झाला की त्या रिकाम्या खुर्चीशी वीस डाव खेळत, आणि कितव्या फेरीत जिंकले ते काकू वहीत लिहीत.

हे आपले नेहमीचे बावन्न पत्ते नव्हेत. लेक शिकायला दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिच्या कपाटात एक खोका राहिला होता. त्यातल्या प्रत्येक पत्त्यावर एक चित्र आणि त्या पत्त्याचा नियम छापलेला. ज्याने त्याने आपापले साठ पत्ते निवडून डेक बांधायचा आणि दुसऱ्याच्या डेकशी भिडवायचा. काकांनी सहज म्हणून एक पत्ता उचलला आणि बारा वर्षं खाली ठेवला नाही. छापील नावं काकूंच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी चित्रं बघून आपली नावं ठेवली. पुढे या खेळाच्या क्लबातली पोरंसुद्धा तीच नावं घेऊ लागली. काका-काकू हीही त्या पोरांनीच पाडलेली नावं.

काकांचा डेक कॉम्बोचा. दोन कुत्र्यांचा पत्ता, आरसा आणि घड्याळजी असे तीन पत्ते हातात एकत्र आले की साखळी सुरू व्हायची. कुत्री नवा पत्ता ओढून आणायची, आरसा त्याचे दोन करायचा, घड्याळजी तीच फेरी पुन्हा सुरू करून द्यायचा. समोरचा माणूस आपले पत्ते नीट लावतोय तोवर संपलेला असायचा. पूर्वी काकांना यासाठी चार फेऱ्या लागत. जानेवारीत तीन लागू लागल्या. मार्चमध्ये दोन.

"आई, बाबा या वयात विक्रम करतायत!" लेक फोनवर म्हणाली.

काकूंनाही अभिमान वाटला. नाही कसा वाटणार? मात्र अलीकडे काका खेळताना पुटपुटू लागले होते. प्रत्येक पत्त्याला दोनदा बोट लावत. मध्येच शेजारच्यांनी बेल वाजवली तर असे दचकत, की कोणी पाण्यात ढकललं असावं. "बोलू नकोस मध्ये," ते म्हणत. काकू बोललेल्या नसत.

काका एका मोठ्या इस्पितळात औषधांच्या खिडकीमागे तेहतीस वर्षं उभे होते. लहान मुलांची खिडकी त्यांची. बाटलीत भुकटी असे. तीत खुणेपर्यंत पाणी घालायचं, हलवायचं, किती चमचे आणि कितीदा ते लेबलावर लिहायचं, आणि आईला दोनदा समजावून सांगायचं. निवृत्तीला सात महिने उरले होते.

"आज एक बाई बाटली परत घेऊन आली," एकदा ते हसत म्हणाले. "म्हणे लेबल कोरंच आहे. मी म्हटलं, बाई, तुमच्या मुलानं चाटलं असेल."

काकूही हसल्या. त्या हसल्या, हे त्यांना पुढे फार वर्षं आठवत राहिलं.

एप्रिलमध्ये मोठी स्पर्धा होती. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, काकू डेकची यादी उतरवायला बसल्या. साठही पत्ते स्वच्छ अक्षरात लिहून द्यावे लागत. काकू छापखान्यात मुद्रितं तपासायच्या, आगगाड्यांची वेळापत्रकं, टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या. जुनं पान डावीकडे, नवं उजवीकडे, आणि दोन्हींवर आडवी पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकायचं, ही हाताला लागलेली सवय. त्यांनी गेल्या वर्षीची यादी डावीकडे ठेवली. कारण काही नव्हतं. डावीकडे काहीतरी असावं लागतं, इतकंच.

अठरा पत्ते गेले होते. फुटकी घागर गेली होती. घागरीत किती पाणी भरलं ते दर फेरीला मनात धरावं लागे. पेरणारी बाई गेली होती. तिनं आज पेरलेलं दोन फेऱ्यांनी कापायचं असे. पहारेकरी गेला होता. समोरच्यानं मघाशी काय खेळलं ते आठवून त्याला उठवावं लागे. मिशीवाला तर गेल्याच महिन्यात गेला.

पट्टी पहारेकऱ्यावर थांबली. पहारेकरी संथ नव्हता. सगळ्या डेकमध्ये त्याच्याइतका झटपट पत्ता नव्हता. मग तो वेगासाठी का गेला?

काकूंनी पट्टी पुन्हा वर नेली आणि एकेक ओळ खाली आल्या. तिसऱ्यांदाही आल्या. अठराच्या अठरा पत्ते एकच गोष्ट मागणारे होते. या फेरीत केलेलं पुढच्या फेरीत आठवायला हवं. सहा महिने काका अडले की दोघं मिळून पत्त्याला दोष देत आले होते, आणि फुल्या काकूंनी स्वतःच्या हातानं मारल्या होत्या. काकांजवळ जेवढं शिल्लक होतं तेवढ्यात मावेल असा डेक त्यांनी कापून कापून आणला होता. आता तो दोन फेऱ्यांचा झाला होता.

मग त्यांच्या डोळ्यांपुढे इस्पितळातली खिडकी आली. बाटलीत पाणी घालायचं. वळायचं. लेबल घ्यायचं. वळायचं.

"झाली का गं यादी?" काकांनी आतून विचारलं.

"झाली."

"तपासलीस?"

"अक्षर न् अक्षर."

उद्याचा रविवार होऊ दे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. एवढा एक रविवार.

टायरच्या दुकानावरच्या सभागृहात स्पर्धा होती. सगळीकडे रबराचा वास. काकांनी चार सामने बघता बघता घातले खिशात. पोरं त्यांच्या टेबलाभोवती गोळा झाली.

"काका, जरा आम्हाला बसू तरी द्या!"

"बसायला आलास की खेळायला?" काका म्हणाले. हशा पिकला.

शेवटचा सामना मास्तरांशी होता. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. काकांशी दहा वर्षं खेळत होते आणि डेक असा संथ बांधायचे की क्लबात त्यांना कासव म्हणत. पहिला डाव काकांनी दुसऱ्या फेरीत संपवला.

"शाळा सुटली, मास्तर!"

"एक तास बाकी आहे, काका."

दुसऱ्या डावात काकांनी कुत्री काढली, आरसा काढला, आणि मास्तरांनी हळूच एक पत्ता पुढे सरकवला. "आरसा चालणार नाही, काका."

साखळी तुटली. डाव तिसऱ्या फेरीत गेला, चौथ्या गेला. काका हातातल्या पत्त्यांकडे परक्या घरात आल्यासारखे बघू लागले. सहाव्या फेरीत त्यांनी एक पत्ता ओढला. तो हातात लावला. मग त्यांचा हात पुन्हा गठ्ठ्याकडे गेला आणि त्यांनी आणखी एक ओढला.

कुत्री मांडलेली नसतील तर फेरीला एकच ओढायचा. दुसरा ओढला की डाव बाद, मग माणूस कितीही जुना असो.

"काका," मास्तर अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "ओढलात तुम्ही."

"कुठे? अजून नाही," असं म्हणून काकांनी तिसरा ओढला.

पंच मुलगी दोन टेबलं पलीकडे होती. तिनं मान वर केली. काकू मास्तरांच्या पाठीशी उभ्या होत्या. त्यांच्या हातातले पत्ते काकूंना स्वच्छ दिसत होते. पुढच्या फेरीत मास्तर जिंकणार होते. मास्तरांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. मग सगळे पत्ते पालथे टाकले.

"हरलो काका. माझ्याकडे काही उरलं नाही."

टाळ्या पडल्या. काकांना कप मिळाला.

घरी येताना बसमध्ये कप मांडीवर घेऊन काका म्हणाले, "कासवाला दोन फेऱ्यांत गुंडाळला! आता पहिल्या फेरीचं बघू. अजून पाच-सहा पत्ते काढता येतील."

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. पहिल्या फेरीनंतर काढायला काय उरतं, हा हिशेब त्यांना नको होता.

सोमवारी सकाळी छापखान्यात लवकर बोलावलंय असं सांगून त्या काकांच्या आधी घराबाहेर पडल्या आणि थेट इस्पितळात औषध विभागाच्या इनचार्ज बाईंच्या खोलीत गेल्या.

"वहिनी! या ना. आज इकडे कुठे? काल त्यांची स्पर्धा होती ना?"

"त्यांना खिडकीवरून काढा," काकू म्हणाल्या.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. उठून दार लोटलं आणि कपाटाचा खालचा खण उघडला. आत चार बाटल्या होत्या.

"या परत आलेल्या. या दोनांत पाणी दुप्पट आहे. हिच्यात नाहीच." चौथीला त्यांनी हात लावला नाही. "ही दुसऱ्याच मुलाची. नशीब, आईला वाचता येत होतं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तेव्हापासून दोन महिने त्यांच्यामागे उभी राहून मी प्रत्येक बाटली तपासते, वहिनी. मला हे काम त्यांनी शिकवलं. सात महिने राहिलेत. म्हटलं, निभावून नेऊ."

"आणि तुम्ही नसलात की?"

बाईंनी खण लोटून बंद केला. "गेल्या बुधवारी मी रजेवर होते."

"किती गेल्या त्या दिवशी?"

"बासष्ट."

तेवढ्यात बाहेर लोखंडी झडप खडखडत वर गेली. काका आले होते. काकांचा नेहमीचा आवाज आला, "चला, रांगेत या. बाळ कोणतं आजारी आहे, दाखवा बरं."

इनचार्ज बाई धावल्या.

संध्याकाळी काका घरी आले ते बूट न काढताच खुर्चीवर बसले.

"मला गोदामात टाकलं. खोकी मोजायला. कोणीतरी कान भरलेत."

"मी सांगितलं," काकू म्हणाल्या.

"तू?"

"मीच."

काका ओरडतील असं त्यांना वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बुटाची नाडी सोडली आणि हातात तशीच धरून ठेवली.

"काल मास्तरनं काय केलं?"

"हरलो म्हणाले."

"काय म्हणाला ते नाही विचारलं. काय केलं?"

काकूंनी सगळं सांगितलं. एकही पत्ता गाळला नाही.

"किती फेऱ्या झाल्या त्या डावात?"

"सहा."

काकांनी बोटं मोजली. पुन्हा मोजली. "मला दोन आठवतात," ते म्हणाले. मग त्यांनी कप उचलून काकूंपुढे ठेवला. "हा त्याला देऊन ये. मी नाही येत. काय बोलायचं ते तिथे पोचेपर्यंत टिकायचं नाही."

त्या बुधवारच्या बासष्ट बाटल्या शोधायला इस्पितळाची माणसं आठ दिवस दारोदार फिरली. एकसष्ट सापडल्या. तीन चुकीच्या निघाल्या, पण दोन उघडलेल्याच नव्हत्या आणि तिसरीतले दोनच चमचे गेले होते. बासष्टावं कुटुंब दिलेल्या पत्त्यावर नव्हतं. खोली सोडून गेलं होतं, कुठे ते घरमालकालाही ठाऊक नव्हतं. त्या बाटलीत काय होतं ते कधीच कळलं नाही. त्यानंतर काकूंना रस्त्यात कोणाच्या कडेवर आजारी मूल दिसलं की त्या रस्ता ओलांडून पलीकडे जात.

इनचार्ज बाईंनी झाला प्रकार स्वतः लिहून वर कळवला. त्यांची बढती तिथेच थांबली आणि त्याबद्दल त्या कोणाशी कधी बोलल्या नाहीत. मास्तर निवृत्त होऊन भावाच्या गावी गेले. तो कप शाळेच्या कपाटात मुलांच्या धावण्याच्या कपांशेजारी आहे, त्यावर नाव नाही. लेक चार वर्षांनी नवऱ्यासह परत आली आणि पलीकडच्या गल्लीत राहू लागली.

काका आणखी नऊ वर्षं जगले. सात महिने त्यांनी गोदामात खोकी मोजली, आणि त्यांची मोजणी बाईंनी कोणाला तपासू दिली नाही. दुसऱ्या वर्षी खेळ गेला. मग चित्रांची नावं गेली, मग काकूंचं. शेवटच्या दोन वर्षांत हाती लागेल तो कागद ते जमवत. विजेची बिलं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, कॅलेंडरची फाटलेली पानं. त्यातले सात निवडून डाव्या हातात पंख्यासारखे पसरून धरत आणि तासन् तास बघत. कोणी समोर येऊन बसलं की हात छातीशी घेत, समोरच्याला दिसू नयेत म्हणून.

समोर बहुधा काकूच असत. त्या मान दुसरीकडे वळवून बसत, काकांचं बघून होईपर्यंत.