दुओदू, शर्ट वर कर!

दुओदू माझाच विद्यार्थी. तिसरीत तीनदा बसला, आणि आता गाडीच्या टपावर भोंगा लावून स्वतःला डॉक्टर म्हणवतो. मूळव्याध, वांझपण, मोतीबिंदू, सगळ्यावर एकच तपकिरी पाणी. "सुरी लावून घेऊ नका! मी जन्मात इस्पितळाची पायरी चढलो नाही!" दर शुक्रवारी हेच. खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते असं मला वाटायचं. लागत नाही.

त्या शुक्रवारी सेरवा शाळेत आली नाही. वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी पोर. घरी जाऊन पाहते तर अंगणात चटईवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, अंग तापलेलं. आधी बेंबीपाशी दुखत होतं, आता उजवीकडे खाली.

"राणी, एका पायावर हळूच उडी मार बघू."

तिनं मारली आणि किंचाळून खाली बसली.

"आसिएदू," मी तिच्या बापाला म्हटलं, "हे अपेंडिक्स दिसतंय. आत्ताच्या आत्ता सुन्यानीच्या इस्पितळात न्या."

"बाई, पोट साफ झालं की बरं वाटेल तिला. डॉक्टर आलेत ना."

दुओदू उभाच होता. एका हातात बाटली, दुसऱ्यात आलं-मिरचीच्या पाण्यानं भरलेली, एनिमा द्यायची रबरी पिचकारी.

"जुलाब दिलास तर आत फुटेल ते, दुओदू. पोटभर पू होईल. पोर मरेल."

"बाई, तुम्ही पाढे शिकवा. माझं औषध ते विरघळवतं."

आसिएदू बाटलीचं बूच काढू लागला. तेवढ्यात डोक्यावर केंकेची, आंबवलेल्या मक्याच्या उकडलेल्या गोळ्यांची, पाटी घेतलेली दुओदूची आई फाटकात थांबली.

"कुणाला अपेंडिक्स? आमच्या पोराला झालं होतं तसं?"

"आई, तू तुझे केंके विक!"

"गप रे! कुमासीत असताना कसा ओरडत होतास, आई, मला सुरीवाल्यांकडं ने! मीच नेलं ना इस्पितळात?"

आसिएदूनं वर पाहिलं. "मग बाटली नाही प्यायला?"

"तो कशाला पितोय ते?" म्हातारी म्हणाली. "बनवतो तोच ना!"

मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, "दुओदू, शर्ट वर कर."

केला. जुनी सवय. पोटाच्या उजव्या बाजूला खाली टाक्यांचा व्रण होता.

आसिएदूनं बाटली उकिरड्यावर फेकली, दुओदूच्याच गाडीत पोरीला घातलं आणि दुओदूला चालवायला बसवलं. अपेंडिक्स फुटायच्या आत ऑपरेशन झालं.

परत आल्यावर सेरवानं विचारलं, "बाई, अपेंडिक्स औषधानं बरं होतच नाही का?"

"होतं कधी कधी. पण खऱ्या औषधानं, आणि तपासून डॉक्टरांनी ठरवलं तर. भोंग्यानं नाही."

आता शुक्रवारी गाडी शाळेवरून गेली की सगळा वर्ग खिडकीशी धावतो, "दुओदू, शर्ट वर कर!" मी पोरांना गप्प करत नाही. तो भोंगा आणखी मोठा करतो.