गुडघ्याचा शनिवार

कवडूच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. तरी दर शनिवारी दुपारी चारच्या सुमारास तो बायकोच्या स्कूटीवर मागे बसायचा आणि चारचौघांना ऐकू जाईल असा कण्हायचा. नदीपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, एक मालिशवाला आहे, त्याच्या हाताला गुण आहे, असं कांतानं गावभर सांगून ठेवलं होतं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की तपशील जरा जास्तच देतो. कांतानं तर तेलात काय काय पडतं तेही सांगितलं होतं.

खरी गोष्ट अशी, की पुलापलीकडे बार होता. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, पूल ओलांडला की नाही. म्हणजे तीच बाटली अलीकडे गुन्हा आणि पलीकडे ज्याची त्याची मर्जी. कवडू आत जाऊन दोन पेग घ्यायचा, कांता बाहेर टपरीवर चहा पीत बसायची आणि दिवेलागणीच्या आत त्याला घरी आणायची. पन्नाशी उलटल्यावर ती स्कूटी शिकली ती एवढ्यासाठीच. शिकताना दोनदा विहाराच्या भिंतीला धडकली, पण शिकली.

आणि ही कांता कोण, तर गावच्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष. बावीस वर्षांत नाल्याकाठच्या किती भट्ट्या तिनं उलथवल्या याची गणती नाही. तिला नुसतं येताना पाहिलं तरी भलेभले गडी वाट बदलायचे. याचा तिला अभिमान होता. तीन वर्षांपूर्वी तो उतरला.

तेव्हा कवडू आणि त्याचा जिवलग मित्र गुलाब नाल्याकाठी चोरून प्यायला बसले होते. कवडूला वास बरा वाटला नाही, त्यानं एका घोटावर ग्लास ठेवला. गुलाबनं दोघांचीही संपवली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "कवडू, मले दिसून नाई राह्यलं." त्याला बांधावर टेकवून कवडू माणसं बोलवायला घरी धावला. अंगणात मंडळाची बैठक भरली होती आणि कांता दारुड्यांचा उद्धार करत होती. कवडू मागच्या दारानं आत गेला, चूळ भरली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. झोपला की उतरेल गुलाबची, अशी त्यानं मनाची समजूत घातली. सकाळी गुलाब बांधावर तसाच होता, पण जीव नव्हता.

"काऊन नाई सांगतलं?" कांतानं त्याला गदागदा हलवून विचारलं होतं.

"तुह्या भेवानं," कवडू म्हणाला.

तेव्हापासून तिनं ठरवलं, की हा माणूस पिणारच असेल तर लपून पिणार नाही. निदान माझ्यापासून तरी नाही. गुलाबची बायको जागृती त्यानंतर मंडळात आली, सचिव झाली, कांतासोबत भट्ट्या फोडू लागली. गुलाब एकटाच पीत होता, असंच तिला वाटत होतं. गाव काय म्हणेल याची कांताला फारशी फिकीर नव्हती. जागृतीला कळेल, याची मात्र होती.

एका रविवारी विहारात मंडळाची बैठक होती. आधी पंचशील झालं. मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं पाचवं शील कांता हल्ली दरवेळी पुटपुटून उरकायची, तसं याही वेळी उरकलं. मग काजल उभी राहिली. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. तिचा नवरा अंकित रोज प्यायचा. त्याला पोलिसांनी उचलावं म्हणून तिनं अर्ज लिहून आणला होता, त्यावर अध्यक्षांची सही हवी होती.

"पह्यले तो सांगून तरी जाये, काकू," काजल म्हणाली. "आता मले पाह्यलं का मागच्या दारानं पळते."

कांतानं पेन उघडला होता. तो तिनं खाली ठेवला.

"बायांनो, कवडूचा गुडघा दुखत नाई," ती म्हणाली. "मी त्याले पुलापलीकडच्या बारमंदी नेतो."

"मालूम हाय आमाले," मागून कुणीतरी म्हणालं. "दुखऱ्या गुडघ्याचा माणूस असा टुणकन बसते का गाडीवर?"

सगळ्या खो खो हसल्या. जागृतीही हसली. ते हसू पाहून कांताला रडूच फुटलं. आता थांबलं तर पुन्हा कधी बोलणं व्हायचं नाही, हे तिला कळलं. मग तिनं उरलेलंही सांगितलं. बांध, मागचं दार, चूळ, आणि ते दोन शब्द. हसणं कधीच थांबलं होतं. जागृती उठली, चपला घातल्या आणि निघून गेली.

अर्जावर सही झाली नाही. मंगळवारी काजल अंकितला दारू सोडवायला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेली. तो कुरकुरत गेला, पण गेला. जागृती मात्र आठवडाभर कुठं दिसली नाही. कांताला जेवण गोड लागेना.

शनिवारी चार वाजले. कांता स्कूटीजवळ नुसतीच उभी होती. कवडू दारातून बाहेर यायला धजत नव्हता. तेवढ्यात फाटक वाजलं. जागृती होती, हातात एक जुनं हेल्मेट.

ती कांताकडे न बघता थेट कवडूला म्हणाली, "त्यानं माह्यं नाव घेतलं होतं का?"

"हो," कवडू म्हणाला. "जागृतीले सांग, म्हणे. मी नाई सांगतलं." तो उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडू लागला.

जागृतीनं डोळ्याला पदर लावला. मग ती कांताकडे वळली. "बंदी उठवा म्हणशीन, तर तुह्या दारात येऊन बसीन मी. गावात भट्टी दिसली तर आजही फोडीन."

"मी बी येईन," कांता म्हणाली.

"अन् याले हे घालजो. गुलाबचं हाय. पुलावर ट्रका लय राह्यते." तिनं स्वतःच हेल्मेट कवडूच्या डोक्यावर चढवलं. ते जरा सैल होत होतं, तिनं पट्टा ओढून घट्ट केला. "दोघंबी वापस येजा."

त्या शनिवारी गावातून जाताना कवडू कण्हला नाही.