घोंगडीवर बसून बोलला

वाळूतल्या त्या गावात बघण्यासारखं काय न्हाय. म्हणून तितं कोण जातबी न्हाय. आमी नवराबायको गेलो, कारण आमचा पोरगा भारत तितं तीन वर्षं सोलरच्या काचा पुसतोय. सोलापुरात गाडीत बसलो, तीन गाड्या बदलल्या, शेवटाला जीपमधी कोंबून घेतलं. चहावाल्यानं हिंदीत विचारलं, कशाला आलाय हितं? मी म्हटलं, "तुझं तोंड बघायला."

काम एकच हुतं. माझ्या भावाची, ज्ञानूची लेक दिपाली. भारतसाठी मी तिला मागून ठिवलेली. शब्द माझा. पोरगी तीन वर्षं थांबली, आलेली दोन स्थळं माघारी धाडली. भारत फोनवर म्हणायचा, "दिवाळीला येतो, आये." तीन दिवाळ्या गेल्या.

त्याच्या खोलीत गेलो तर म्हणाला, "पाणी जपून प्या, टँकर चार दिसांनी येतो." आमचे मालक खिडकीतनं उंट बघून लेकरागत हसत हुते.

"अवो, उंट बघाया न्हाय आलो आपण."

मी पिशवीतनं घोंगडी काढून अंथरली. आमच्याच मेंढरांच्या लोकरीची. आमच्यात घोंगडीवर बसून कोण खोटं बोलत न्हाय. सोयरिकी, वाटण्या, भांडणं, समदं तिच्यावरच मिटतं.

भारत उभाच. "आत्ताच आलाय की. उद्या बोलू."

"बस."

"फोनवर सांगितलंय की, दिवाळीला येतो."

"त्येच हितं बसून सांग."

मालक हळूच म्हणाले, "अगं, आदी जेवू दे त्याला. उचल ती घोंगडी."

"तुमी गप बसा. तुमीच लाडावून ठिवलंय."

पोरगं चप्पल काढून बसलं. लई येळ लोकरीवरनं हात फिरवत राहिलं.

"मी येणार न्हाय, आये. मेंढरं न्हाय राखायची मला. दिपालीबी नको. हितं मला कोण हुकूम सोडत न्हाय. बरं वाटतं."

"आन् दिवाळी?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचो."

खोटं बोलला असता तर आणिक एक वरीस गेलं असतं. मीच बसवला त्याला.

दुसऱ्या दिवशी निघालो. गाडीत रेंज आल्यावर ज्ञानूला फोन लावला. "दिपालीला दुसरं स्थळ बघ."

"का गं आक्का? भारत काय म्हणाला?"

"भारत काय म्हणतोय! तुझ्या पोरीचं वळण बरं न्हाय, माझ्या कानावर आलंय. माझ्या घराला नको."

मी फोन बंद केला.

मालक माझ्याकडं बघत राहिले. "तू आजारी हुतीस तवा त्या पोरीनं तुझी उष्टी-खरकटी काढली गं."

"मग काय सांगू? पोटच्या पोरानं आईला नको म्हटलं, आसं?"

ते उठले, पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. सोलापूर येस्तोवर माझ्या हातची भाकरी घेतली न्हाय.