पुठ्ठ्याचा सुरा

"ही ओळ सुगंधाची आहे," चंद्रप्रकाश म्हणाला. भिंतीवरच्या पडद्यावर माझ्या कोडमधली एक ओळ मोठी करून दाखवली होती आणि तिच्या शेजारी माझं नाव होतं. मोठ्या साहेबांनी चष्मा वर सरकवला. चंद्रप्रकाशने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या सकाळी एका पॅथॉलॉजी लॅबच्या तीनशे चौदा पेशंटांना आमच्या सॉफ्टवेअरकडून मेसेज गेला होता, 'तुमचा रिपोर्ट गंभीर आहे. ताबडतोब डॉक्टरांना भेटा.' रिपोर्ट कुणाचाच गंभीर नव्हता. आमची टेस्ट चालली होती, एवढंच.

टेस्ट म्हणजे नाटकाची तालीम. तालमीत हातात खरा सुरा द्यायचा नसतो, पुठ्ठ्याचा द्यायचा असतो. अंधेरीच्या या ऑफिसात एकोणीस वर्षांत मी लिहिलेलं सगळ्यात लाडकं फंक्शन तेवढंच काम करतं. टेस्ट सुरू झाली की खोट्या नावांची, खोट्या नंबरांची फाईल शोधून हातात ठेवतं. बावीस ओळींचं आहे. रोज सगळे वापरतात, कौतुक कुणी करत नाही. घरातल्या थोरल्या सुनेचं असतं, तसंच त्याचं.

मार्चमध्ये टेस्टसाठी नवीन मशीन आलं. त्यावर खोटी फाईल टाकायची राहिली होती आणि चार वाजता लॅबवाल्यांना डेमो द्यायचा होता. चंद्रप्रकाश माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो. तो मॅनेजर झाला, मी कोड लिहीत राहिले, तरी बुधवारी माझ्या डब्यातला अर्धा बांगडा त्याचा ठरलेला.

"खोटी फाईल नाही मिळाली तर खरी उचलू दे ना यार. डेमोपुरतं."

"खरे पेशंट आहेत रे त्यात!"

"मेसेज कुठे चालू झालेत अजून? उद्या काढून टाक. मी आहे ना!"

मी ऐकलं. तशी एक ओळ घातली आणि तिच्या वर टीप लिहिली, 'चंद्रप्रकाशच्या सांगण्यावरून. तात्पुरतं.' दुसऱ्या दिवशी आईला मुलुंडच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि ओळ काढायची राहून गेली. ती चूक माझी, मी नाकारत नाही. मशीनवर खोटी फाईल पुढेही कुणी टाकली नाही. काल लॅबने मेसेजची सोय सुरू केली, आज टेस्टने खरी फाईल उचलली आणि वाट लागली.

"सीपी, तू सांगितलं होतंस," मी मीटिंगमध्ये चंद्रप्रकाशला म्हणाले. "वर टीप लिहिली होती मी."

"कुठेय टीप?"

पडद्यावर ओळीच्या वर काहीच नव्हतं. माझा तेव्हाचा लॅपटॉप मे महिन्यात बदलला, त्यामुळे माझ्याकडेही काही उरलं नव्हतं. साहेबांनी निकाल दिला. लॅबचं काम उद्यापासून जान्हवीकडे. ही माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी. ती मान खाली घालून बसली.

"आणि पेशंटांना फोन करून माफी कोण मागणार?" साहेबांनी विचारलं.

"सुगंधा करेल," चंद्रप्रकाश म्हणाला.

पहिलाच फोन वाकोल्याच्या ब्रिजेट आंटींना लागला. "सकाळपासून क्रुसासमोर बसून आहे गं मी," त्या म्हणाल्या. "दुबईला पोराला फोन केला, तो रडायलाच लागला. कोणी केलं हे?"

"मी केलं, आंटी. तुमचा रिपोर्ट चांगला आहे. माफ करा मला."

त्यांनी 'चांगला आहे' हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "जेवते मग आता." मी पुढचा नंबर लावला.

जेवणाच्या सुट्टीत चंद्रप्रकाश आपली ताटली घेऊन माझ्या टेबलाशी आला. दर बुधवारसारखाच.

"मनाला लावून घेऊ नको गं. कुणाचं तरी नाव घ्यावंच लागतं. बांगडा आणलायस ना?"

"टीप कुठे गेली, सीपी?"

"ती? मीच काढली ना, तेव्हाच. तुझा कोड मुख्य कोडमध्ये घेताना. माझं नाव कशाला उगाच त्यात?"

तेव्हाच! म्हणजे आज साहेबांना घाबरून नव्हे. मार्चमध्ये, 'मी आहे ना' म्हटल्यावर तासाभराच्या आत. आणि त्यानंतरचे सगळे बुधवार तो इथेच बसून जेवला होता. मला रडू आलं नाही, राग आला. रागापेक्षा जास्त लाज वाटली, की या माणसाला मी काटे काढून मासा वाढत होते. मी डब्याला झाकण लावलं. तो ताटली घेऊन निघून गेला.

संध्याकाळी शेवटचं काम केलं. ती ओळ काढली आणि तिच्या जागी लिहिलं, 'फाईल नसेल तर थांब. कुणीही सांगितलं तरी.' नियमाप्रमाणे मंजुरीला चंद्रप्रकाशकडे पाठवलं. त्याने मिनिटभरात मंजूर केलं. वाचलं की नाही, देव जाणे. मग त्याच मशीनवर टेस्ट चालवली. पडदा लाल झाला.

"फेल झालं, मॅम," जान्हवी घाबरून म्हणाली.

"होऊ दे. फाईल नाही म्हणून थांबलंय. बरोबर चाललंय ते."

"मग मी फाईल टाकू?"

"उद्या सकाळी आल्या आल्या टाक. आता तुझं आहे ते."

नाहूरला घरी आल्यावर डबा घासायला काढला. झाकण उघडलं, तर त्याच्या वाटचा अर्धा बांगडा तसाच होता.