कीबोर्डाचं दावं

"मागून दाखवा," वनमालाबाईंनी फोनला सांगितलं आणि तांदळाचं मापटं हातात तसंच धरून त्या काउंटरवर वाकल्या.

पडद्यावरच्या माणसानं हातातला फ्लॉपी ड्राइव्ह उलटा केला. साताऱ्याचा कोणी निकम होता; पन्नाशीचा, कानटोपी घातलेला. त्याच्या मागं कपाट, कपाटावर स्टीलचे डबे. वनमालाबाईंनी डबेही बघून घेतले.

"आता बाजूनं. चालू करून दाखवा. आवाज ऐकू द्या."

"मावशी, परागना सगळे फोटो पाठवलेत मी."

"फोटो कोणीही कोणाचे पाठवतो. तुमच्या घरात आज काय शिजलंय?"

निकम गांगरला. आत जाऊन कोणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, "घेवडा."

वनमालाबाईंनी फोन मुलाच्या, परागच्या, हातात दिला. लबाड माणसानं या प्रश्नाला एकतर फोन कापला असता नाहीतर लगेच काहीतरी ठोकून दिलं असतं. हा विचारून आला. म्हणजे घर तरी खरं होतं. माणसाचं अजून बघायचं होतं.

जव्हारच्या बाजारात त्यांचं दुकान. नवरा हरिभाऊ गेल्यावर किराणा त्यांनी एकटीनं चालवला, आणि मुलगा मोठा झाला तेव्हा दाराजवळची अर्धी बाजू त्याच्या मोबाइल दुरुस्तीला दिली. पोटापाण्याचं तेवढ्यावर भागत होतं. पण परागला वेड होतं जुन्या संगणकांचं. भंगारातून आणलेला एक त्याच्या टेबलावर बसला होता. पडद्यावर हिरवी अक्षरं यायची आणि तिथंच अडायची, कारण त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह मेलेला. असली वस्तू आता दुकानात मिळत नाही. ती मिळते इंटरनेटवर, शौकिनांच्या फोरमवर, जिथं माणसं एकमेकांना तोंड न बघता वस्तू विकतात.

तिथंच परागनं एकदा मार खाल्ला होता. कोणा भामट्याला आधी पैसे पाठवले आणि खोक्यातून निघाला फरशीचा तुकडा. वनमालाबाईंनी तो तुकडा टाकू दिला नाही. कागदी पिशव्यांवर वजन म्हणून काउंटरवर ठेवला. गिऱ्हाइकानं विचारलं की गोष्ट सांगायच्या, आणि पराग मान खाली घालून स्क्रू फिरवत बसायचा.

तेव्हापासून आईला विचारल्याशिवाय व्यवहार नाही. परागचे स्वतःचे नियम होतेच: वस्तूशेजारी चिठ्ठीवर नाव-तारीख लिहून फोटो मागायचा, फोरमवरच्या जुन्या लोकांना त्या माणसाबद्दल विचारायचं. वनमालाबाईंना ते पोरखेळ वाटायचे. त्यांचा बाप मोखाड्याच्या बाजारात बैल घ्यायचा तेव्हा बैलाला चालवायचा, बसवायचा, पाणी पाजायचा. आणि सगळा वेळ बघायचा तो मालकाकडं. मालक घाई करायला लागला की बाप निघून यायचा. वनमालाबाई माहेरी शाळेत जेमतेम अक्षरओळख होईपर्यंत गेल्या, पण बाजारात बापाबरोबर कायम.

या वेळी त्यांनी पैसेच नको म्हटलं. वस्तूला वस्तू. निकमला हवा होता परागकडचा एक जुना, वजनदार कीबोर्ड. बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधून आलेला, दाबला की खटखट वाजणारा. अदलाबदल ठरली आणि निकम म्हणाला, मी आधी पाठवतो.

"आधी?" वनमालाबाई थबकल्या. "का म्हणून?"

"चांगला माणूस आहे, आई."

"एवढं चांगलं कोण असतं?"

त्यांची सून समृद्धी आतून हसली. वनमालाबाईंनी तिकडं दुर्लक्ष केलं.

ड्राइव्ह आला. सुरक्षित आला, चाललासुद्धा. घरघर करत यंत्र पुढं सरकलं तेव्हा परागनं समृद्धीला हाक मारून दाखवलं. आईकडंही एकदा बघितलं. त्या म्हणाल्या, पावसाळाभर चालू दे, मग बोलू.

मग कीबोर्ड पाठवायचा होता. परागनं तो खोक्यात ठेवला, तेवढ्यात पतपेढीतून बोलावणं आलं, प्रिंटर अडला म्हणून. जाताना आईला सांगून गेला की मोकळ्या जागेत कागद कोंब आणि चिकटपट्टी लाव.

वनमालाबाईंनी खोकं पुढं ओढलं. कीबोर्डच्या मागून एक वेटोळी काळी वायर लोंबत होती. सहज ओढली तर टच करून सुटली. त्यांनी ती हातात धरली आणि क्षणभर बघत राहिल्या.

त्यांच्या माहेरी जनावर विकलं तरी दावं विकत नसत. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो, जनावर त्याला बांधून नेतो. जुनं दावं गोठ्यातल्या खुंटीवर परत जातं. ते गेलं तर गोठा रिकामा होतो. परागच्या टेबलावरही वेगळं काय होतं? जुना मोबाइल विकला की गिऱ्हाईक वायर आपली वेगळी घेत होतं. वायरी तर खणात पडलेल्या असतात. वस्तूपासून इतकी सहज सुटते म्हणजे ती वस्तूची नव्हेच. त्यांनी वायर गुंडाळली, पोत्यांच्या मागच्या खिळ्याला अडकवली, खोक्यात कागद कोंबला आणि चिकटपट्टी अशी ओढली की फाडायला सुरी लागावी. परागला सांगण्यासारखं त्यात त्यांना काही वाटलं नाही.

खोकं साताऱ्याला पोचलं आणि एका सकाळी पराग शटर उघडून तसाच उभा राहिला, हातात फोन. समृद्धी चहा घेऊन आली तरी त्यानं घेतला नाही.

निकमनं फोरमवर लिहिलं होतं. जव्हारच्या परागपासून सावध राहा. कीबोर्ड पाठवला पण त्याची वायर काढून घेतली, आणि ही वायर आता शोधून सापडत नाही. खाली माणसं बोलत होती. ज्यांना पराग कधी भेटला नव्हता पण बाजारातल्या कोणाहीपेक्षा ज्यांच्याशी जास्त बोलला होता, तीच माणसं. एकानं नुसतं लिहिलं होतं, वाटलं नव्हतं. फोरम चालवणाऱ्यानं कळवलं होतं की रविवारपर्यंत मिटवा, नाहीतर तुमचं नाव काढावं लागेल.

सामान कमी आलं म्हणून निकम ओरडतोय, एवढंच परागनं आईला सांगितलं आणि वनमालाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. मऊ बोलणाऱ्यावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. आधी वस्तू पाठवून भोळं दाखवायचं आणि मग काहीतरी कमी आलं म्हणून ओरडायचं, ही बाजारातली जुनी खोड. पराग म्हणाला, फोरमवरही हीच खोड चालते. त्यानं खुर्ची ओढली. आई सांगत गेली, तो लिहीत गेला. निकम भामटा, निकमनं अजून कोणाकोणाला फसवलं ते बाहेर काढा. लिहून झालं. पाठवायच्या आधी तो पुराव्यासाठी फोटो शोधायला लागला.

"हा बघ. पाठवायच्या दिवशी काढलेला. ही वायर, मागं लावलेली."

वनमालाबाईंनी चष्मा वर सरकवला. काळी, वेटोळी.

"ती नसली तर?" त्यांनी विचारलं. "त्याच्याकडं दुसरी असेलच."

"याला दुसरी चालत नाही, आई. तिच्याशिवाय कीबोर्ड म्हणजे नुसती फळी."

दारात कोणी साबण मागितला. त्यांनी काढून दिला, सुटे परत केले.

"थांब. पाठवू नको ते."

"का?"

"आधी चहा पी. निवला."

दुपारी पराग जामसरला कोणाचं यंत्र बघायला गेला. वनमालाबाईंनी समृद्धीला मागच्या खोलीत बोलावलं आणि निकमला फोन लावून द्यायला सांगितला. समृद्धी तिथंच उभी राहिली. त्यांनी तिला जा म्हटलं नाही.

"मी परागची आई. वायर माझ्याकडं आहे."



"मग ती माझ्याकडं का नाही, मावशी?"

त्यांनी सांगितलं. जनावर, दावं, खुंटी, सगळं. इतकं सरळ कोणाला काही समजावून सांगायची त्यांना सवय नव्हती. 

"लोक काय काय कारणं सांगतात ते मी ऐकलंय," निकम म्हणाला. "हे नव्हतं ऐकलं."

"चोरायचं असतं तर कीबोर्ड चोरला असता. वायर कोण चोरतं?"

तो हळूच म्हणाला, "दावं आमच्याकडंही देत नाहीत. पण मावशी, ही वायर आहे."

"ते मला आज कळलं. उद्या टपालात पडेल. आता तुम्ही एक करा. लिहिलंय त्यातून पोराचं नाव काढा. माझं घाला. वनमाला. जव्हार."

"परागना सांगितलंत?"

"तुम्ही लिहा. तो वाचेल."

वायर दुसऱ्या दिवशी गेली. समृद्धीच टपालात टाकून आली. परागला दोघींनी त्यातलं काही सांगितलं नाही.

बाजाराचा दिवस होता. दुकानासमोर जीपमधून उतरलेल्या बायका मीठ-तेलासाठी उभ्या होत्या. वनमालाबाई साखर बांधत असताना पराग टेबलावरून उठून काउंटरशी आला. फोन त्यानं छातीशी धरला होता.

"आई. निकमनं नवीन लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

तो खालच्या आवाजात वाचायला लागला. परागचा व्यवहार चोख आहे, त्याला बोल लावला याबद्दल माफी. वायर त्याच्या आईनं, वनमालाबाईंनी, काढून ठेवली होती. यापुढं जव्हारचं पार्सल... इथं तो थांबला. आईकडं बघितलं, मग परत फोनकडं.

"पुढं?"

"...पार्सल वनमालाबाईंनी बांधलं असेल तर आधी उघडून तपासावं."

वनमालाबाईंनी पुड्याला दोरा गुंडाळला, दातानं तोडला.

"तुझं नाव काढायला सांगतो मी त्याला," पराग म्हणाला.

"नको. पहिल्यापासून वाच परत."

"आत्ता?"

"आत्ता. आणि जरा मोठ्यानं. मागच्या बायांना ऐकू जात नाय."

परागनं एकदा गर्दीकडं बघितलं. बायकांमधल्या एकीनं पिशवी खाली ठेवली.

"सगळं वाचू?"

"सगळं," त्या म्हणाल्या, आणि पुढचा पुडा बांधायला घेतला.